नव्या मशीनवर जुनं डॉस

दसऱ्यानंतरच्या बुधवारी सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा माझ्या नोकरीचे चार दिवस उरले होते. मी वाढवून सांगत नाही. त्याआधीच्या शनिवारी संपादकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "तुमचे तात्पुरते सहा महिने या महिन्यात संपतात. येत्या शनिवारी अंक वेळेवर पोस्टात पडला, तर कायम करण्याचं बघू. नाहीतर कॉम्प्युटरचं हे प्रकरणच बंद करू आणि पत्ते पुन्हा हातानं लिहून घेऊ." पत्ते हातानं लिहायचे तर कॉम्प्युटरवर बसणारी बाई कशाला हवी, हे ते बोलले नाहीत. तेवढं मला न बोलताही कळत होतं.

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं होती. आमचं मासिक शेतकऱ्यांसाठी निघायचं. ऑफिस नागपूरच्या गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर गाठी उतरायच्या आणि हमालांच्या आरोळ्या आमच्या खिडकीतून आत यायच्या. वर्गणीदार चार हजारांच्या वर, बहुतेक खेड्यांतले. पोस्टानं मासिकाला सवलतीचा दर दिला होता, पण त्याला एक अट होती. महिन्याच्या ठरलेल्या दिवशीच अंक टाकायचा. तो दिवस चुकला की त्या महिन्याची सवलत गेली. पूर्ण दरानं अंक पाठवण्याची आमच्या मासिकाची ऐपत नव्हती, त्यामुळे दिवस चुकणं म्हणजे अंक गोदामात पडून राहणं.

हे चार हजार पत्ते मी माझ्या हातानं कॉम्प्युटरमध्ये भरले होते. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. भिवापूर तालुक्यात एकाच गावात एकाच नावाचे तीन वर्गणीदार होते, बापाच्या नावासकट. मग मी एकाच्या पत्त्यात ‘मिरचीवाले’ लिहिलं, दुसऱ्याच्या ‘शाळेमागे’ आणि तिसऱ्याच्या ‘लंगडे’, कारण त्यानं स्वतःच पोस्टकार्डावर तसं कळवलं होतं. पोस्टमन गावाच्या नावाखाली तेवढंच वाचतो. त्या यादीचा मला अभिमान होता, आणि अजून आहे.

कॉम्प्युटर जुना होता. त्यावर मराठी अक्षरात पत्ते छापायचा एक प्रोग्राम होता, मुंबईहून आणलेला. हा प्रोग्राम मोठा मानी. त्याची मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असेल तरच चालणार, नक्कल चालणार नाही. आणि चालणार तोही जुन्या डॉसवरच. डॉस म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. मशीन सुरू झालं की आधी डॉस जागं व्हायचं आणि मग इतर प्रोग्रामांना कामाला लावायचं. म्हणजे मुकादमच. आमचा प्रोग्राम फक्त जुन्या मुकादमाला ओळखत होता.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात जुना कॉम्प्युटर दोन दिवस करकरला आणि तिसऱ्या दिवशी गेला. साहेबांनी आधीच मागवून ठेवलेलं नवं मशीन त्याच शनिवारी आलं. विकणाऱ्या दुकानाच्या इंजिनिअरनं ते जोडलं, आपली फ्लॉपी घालून चालवून दाखवलं आणि पुढचा हिरवा दिवा पेटवून म्हणाला, "देखिए, क्या स्पीड है!" मला स्पीडचं काय करायचं होतं? मला पत्ते छापायचे होते. पण सोमवार-मंगळवार मी रजा टाकली होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी आमच्या घरी गावाकडचे वीस-पंचवीस पाहुणे उतरायचे, दरवर्षीप्रमाणे. त्या दोन दिवसांत सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची आणि आईला एकटीला सोडून येणं मला शक्य नव्हतं. हातात बुधवार ते शनिवार आहेत, पुष्कळ झाले, असा माझा हिशेब.

बुधवारी मी चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले, तर पडद्यावर झेंडूचा सुकलेला हार आणि मशीनच्या कपाळावर हळदीकुंकवाची पाच बोटं. खंडेनवमीला ऑफिसात पूजा व्हायची. टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, वजनकाटा, सगळं ओळीनं मांडून. पूजा बडेबाबू करायचे. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं त्यांचं घराणं, तेव्हापासून कारकुनी करत आलेलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. अक्षर मोत्यासारखं, काम चोख, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी हार काढून खिळ्याला अडकवला, ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं आणि कामाला बसले. राग आला नाही, कौतुकही वाटलं नाही. ज्याचं त्याच्यापाशी.

प्रोग्रामची फ्लॉपी घातली. ड्राइव्ह घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. दोन-तीनदा काढून घातल्यावर एकदाची वाचली आणि पडद्यावर ओळ आली की डॉसची आवृत्ती चुकीची आहे. एवढं मला अपेक्षित होतं. मी इंजिनिअरला फोन लावला. तो अकराला ब्रीफकेस घेऊन आला.

"मॅडम, ये प्रोग्राम पुराने डॉस का है. नई मशीन पे नहीं चलेगा."

"तो पुराना डॉस डाल देते हैं. उसकी फ्लॉपी है मेरे पास."

तो हसला. "नई मशीन पे पुराना डॉस कौन डालता है? नहीं होता."

"क्यूँ नहीं होता?"

"नहीं होता मतलब नहीं होता. मुंबई लिखो, नया प्रोग्राम मँगाओ. डेढ-दो महीने में आ जाएगा."

मी म्हटलं, शनिवार आहे. तो म्हणाला, शनिवार तो हर हफ्ते आता है. फ्लॉपी नीट वाचली जात नाही हेही मी त्याला दाखवलं. त्यानं मान हलवली आणि निदान सांगून टाकलं, "पुरानी फ्लॉपी नई ड्राइव में ऐसेच अटकती है." आणि गेला. ड्राइव्हकडे त्यानं वाकूनसुद्धा पाहिलं नाही. मला ‘नाही होत’ म्हटलेलं खपत नाही. का होत नाही ते सांगा, मग मी ऐकेन. कारण न सांगता नाही म्हणणाऱ्या माणसाचं मी आजवर ऐकलेलं नाही आणि त्यामुळे माझं फारसं नुकसानही झालेलं नाही.

मी एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं, काय केलं, काय झालं. आणि जुन्या डॉसची फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं. घरघर. मग ओळ, की वाचता येत नाही. त्यापुढे मशीन विचारायचं, सोडून देऊ, पुन्हा करू, की दुर्लक्ष करू? मी ‘पुन्हा’ची कळ दाबली. परत तेच. परत ‘पुन्हा’. त्या दिवशी मी ‘पुन्हा’ची कळ इतकी दाबली की बोटाचं टोक दुखायला लागलं. माझ्याकडे जुन्या डॉसच्या तीन नकला होत्या, तिन्ही पाळीपाळीनं घातल्या. वहीची सहा पानं भरली. चहा घेऊन बडेबाबू दारापर्यंत आले.

"बाई, जमून राहिलं का?"

"नाई जमून राहिलं, बडेबाबू. जुनी फ्लॉपी वाचूनच नाई राहिलं ते."

"हो बापा. नवीन वस्तूचं असंच रायते," असं म्हणून ते चहा ठेवून गेले.

चारच्या सुमाराला अचानक जुनं डॉस उठलं. मी खुर्चीतून उभीच राहिले. पण आनंद पाच मिनिटं टिकला. डॉस उठलं खरं, पण त्याला मशीनच्या पोटातली डिस्क दिसेना. मी म्हणायचे सी दाखव, सी म्हणजे तीच डिस्क, आणि ते म्हणायचं सी नावाचं काही इथं नाहीच. डिस्क तर समोर होती, तिचा दिवा लुकलुकत होता. संध्याकाळपर्यंत मी मशीनबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन बसले. माझं इंग्रजी म्यूनिसिपालटीच्या शाळेतलं. शेजारी डिक्शनरी ठेवून एकेक परिच्छेद उलगडला, तेव्हा गोष्ट कळली. जुन्या डॉसला बत्तीस मेगाबाइटच्या पुढचं मोजताच येत नव्हतं. नवी डिस्क चाळीसची, आणि दुकानवाल्यांनी ती सबंध एकच खण करून दिलेली. चाळीसचा खण जुन्याला झेपत नव्हता, म्हणून ते त्याच्या अस्तित्वालाच नाही म्हणत होतं. उपाय पुस्तकातच होता. मोठा खण मोडायचा आणि जुन्या डॉसच्या हातानं बत्तीसचा नवा करायचा. वरचे आठ वाया गेले तर जाऊ देत. म्हणजे ‘नहीं होता’ नव्हतं. ते होत होतं, फक्त आधी सगळं पुसावं लागत होतं.

गुरुवारी सकाळी मी केबिनमध्ये उभी राहिले. साहेब पुण्याकडचे, बोलणं मोजूनमापून.

"म्हणजे नवं कोरं मशीन तुम्ही पुसून काढणार?"

"हो, साहेब. त्यात आपलं अजून काहीच नाही. पत्त्यांच्या अकरा फ्लॉप्या वेगळ्या आहेत."

"आणि जुनं चढलंच नाही तर?"

"तर नवं परत चढवता येईल. त्याच्या फ्लॉप्या मशीनबरोबर आल्यात."

त्यांनी टेबलावरचं पेपरवेट फिरवलं. "इंजिनिअर म्हणतो, हात लावू नका. जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"लिहून द्या," ते म्हणाले. मी तिथंच लिहून दिलं आणि खाली सही केली. सही करताना भीती वाटली नाही, असं खोटं कशाला बोलू? घरात माझाच पगार येत होता. वडील गिरणीतून आजारपणामुळे घरी बसलेले, आई शिलाईवर चार ब्लाउज शिवायची. पण हात मागे घ्यायचा तर आता घ्यायला हवा होता आणि मला तो घ्यायचा नव्हता.

बऱ्याच प्रयत्नांनी जुनं डॉस एकदा उठलं, आणि मी मोठा खण मोडला. मशीननं दोनदा विचारलं, नक्की का, सगळं जाईल. मी दोनदा हो म्हटलं. बत्तीसचा नवा खण आखला. आता पुस्तकाप्रमाणे मशीन बंद करून जुन्या फ्लॉपीवरून पुन्हा सुरू करायचं होतं. केलं. घरघर, आणि वाचता येत नाही. पुन्हा. वाचता येत नाही. कालच्या तिन्ही नकला, प्रत्येकी दहा-दहा वेळा. दुपारचे दोन वाजले, चार वाजले. शेवटी दातओठ खात ठरवलं, जाऊ दे, नवं डॉस तरी परत चढवू आणि साहेबांना सांगू, हरले. नव्याची फ्लॉपी घातली. तीही वाचेना.

आता मशीनमध्ये जुनं नव्हतं आणि नवंही नव्हतं. आता ते नुसतं टेबलावरचं खोकं होतं, आणि त्या खोक्याची जबाबदारी माझ्या सहीनं साहेबांच्या टेबलावर पडली होती. मी खुर्चीत बसून रडले. आवाज न करता, पण रडले. मग तोंड धुतलं, वहीत लिहिलं ‘नवी फ्लॉपी, वाचत नाही’ आणि सायकल काढली.

घरी शेवटचे पाहुणे बोचकी बांधून निघत होते. त्यांना वाटेला लावून आई माझ्यापाशी येऊन टेकली.

"काहून वं, तोंड पाडून बसली?"

"माय, ते नवीन मशीन जुन्याचं आयकूनच नाई राहिलं. जुन्या फ्लॉप्या नाई चालत त्याले."

"आन् नव्याचं तरी आयकते का?"

आईनं ते कामाच्या तंद्रीत, उगीच विचारायचं म्हणून विचारलं होतं. ती सतरंज्या झटकायला उठलीसुद्धा. पण मी तशीच बसून राहिले. नव्याचंही ऐकत नव्हतं! मी ते वहीत माझ्याच हातानं लिहिलं होतं आणि वाचलं मात्र नव्हतं. जुनी फ्लॉपी नव्या ड्राइव्हमध्ये अडकते, हे त्या ब्रीफकेसवाल्यानं सांगितलं आणि मी, कोणाचं न ऐकणारी, दोन दिवस ते वेदवाक्य धरून बसले होते. नव्या ड्राइव्हला नवी फ्लॉपीही वाचता येत नसेल, तर दोष जुन्या-नव्याचा नव्हताच. दोष ड्राइव्हचा होता. शनिवारी तर माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं ते.

"माय, तुझ्या शिलाई मशीनचा पेचकस दे."

"आता काय खोलतं वं?"

"उद्या खोलतो. ऑफिसात."

शुक्रवारी मी साडेनऊलाच हजर. मशीनची वायर काढली, मागचे स्क्रू काढायला घेतले. बडेबाबू यायच्या वेळेच्या आधी आले होते, ते धावतच आत आले.

"बाई, त्याले खोलू नका! वारंटी जाईन."

"वारंटी राहीन, बडेबाबू. मीच नाई राहणार."

ते तिथून हलले नाहीत. मी डबा सरकवला. आतून ड्राइव्हचे दोन स्क्रू सैल केले, दोन पट्ट्या सोडवल्या आणि ड्राइव्ह हातात घेतलं. तोंड खाली करून हलवलं. आत काहीतरी खडखडलं. पुन्हा हलवलं, तळव्यानं दोन थापा दिल्या, तेव्हा टेबलावर टपटप करत चार दाणे पडले.

तांदूळ. कुंकवानं लाल झालेले. एक दाणा तुटलेला, त्याचा अर्धा भाग फ्लॉपीला मधोमध धरणाऱ्या चकतीपाशी रुतून बसला होता. त्यामुळेच फ्लॉपी कधी नीट बसायची, बहुतेक वेळा बसायची नाही. वाचणाऱ्या इवल्याशा डोक्यावर कुंकवाची पूड होती.

कोणीतरी पूजेच्या वेळी ड्राइव्हची खिटी उघडी ठेवली होती आणि अक्षता टाकताना त्या सरळ फटीत गेल्या होत्या. आणि पूजा कोणी केली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"अरे बापा," एवढंच बडेबाबू बोलले.

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं! दोन दिवस. बोटाचं टोक, सहा पानं, साहेबांसमोरची सही, काल या खुर्चीत गाळलेलं पाणी, हे सगळं या चार दाण्यांपायी. मशीनला दात नाहीत हो, बडेबाबू, त्याला भात कशाला भरवला, असं मी ओरडणारच होते. पण घड्याळात सव्वादहा झाले होते. चार हजार पत्ते छापायचे तर एक मिनिट भांडणात घालवणं परवडणारं नव्हतं. मी दाणे कागदावर झटकून घेतले, प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस आणि स्पिरिट आणलं आणि डोकं पुसायला बसले. पाच मिनिटांनी वर पाहिलं तर बडेबाबू आपल्या टेबलाशी बसून प्रुफं वाचत होते. निदान तसं दाखवत होते.

ड्राइव्ह परत बसवलं. जुन्या डॉसची फ्लॉपी घातली. एक घरघर, आणि डॉस उठलं. पहिल्या फटक्यात! बत्तीसचा खण त्याला दिसला. तो धुऊन-पुसून तयार करायला मशीननं अर्ध्या तासावर वेळ घेतला, मी पडद्यावरचे आकडे मोजत बसले. मग डॉस आत चढवलं, प्रोग्राम चढवला, मूळ फ्लॉपी घातली आणि प्रोग्राम सुरू केला. तो म्हणाला, मूळ फ्लॉपी घाला.

मूळच घातली होती. काढून परत घातली. परत म्हणाला, मूळ फ्लॉपी घाला. आता ड्राइव्हवर संशय घेता येत नव्हता. ते बाकी सगळं वाचत होतं. मी वही उघडली. यावेळी लिहिलेलं वाचायचं, असं ठरवूनच. जुन्या मशीनमध्ये काय होतं आणि इथं काय वेगळं आहे? डॉस तेच, प्रोग्राम तोच, फ्लॉपी तीच. पुस्तकात एक ओळ होती की काही जुने प्रोग्राम या वेगाला घाबरतात. आमचा प्रोग्राम हळू मशीनवर वाढलेला. फ्लॉपीवरची खूण पाहायला तो ठरावीक आकडे मोजेपर्यंत थांबायचा आणि नव्या मशीनवर ते मोजणं फ्लॉपी फिरायच्या आतच उरकत होतं, म्हणून त्याला खूण सापडतच नव्हती. इंजिनिअरनं मिरवलेल्या हिरव्या दिव्याशेजारी एक बटण होतं. मी ते दाबलं. दिवा विझला, मशीन मंद झालं.

प्रोग्राम उघडला. पडद्यावर मराठी अक्षरं आली. अकरा फ्लॉप्यांवरचे पत्ते मी एकेक करून आत घेतले, आणि दुपारी दीडला प्रिंटर कर्रर्र करत चालू झाला. पहिला पत्ता उमरेडचा होता. मी तो फाडून हातात घेतला आणि उगीचच मोठ्यानं वाचला.

शुक्रवारची दुपार, शनिवारची सकाळ, सगळं ऑफिस लेबलं कापण्यात आणि चिकटवण्यात गुंतलं होतं. खळीनं सगळ्यांची बोटं एकमेकांना चिकटत होती. बडेबाबू तालुकावार गठ्ठे बांधत होते, माझ्याशी एक शब्दही न बोलता. शनिवारी दुपारी शेवटचं पोतं सायकलरिक्षात चढलं आणि पोस्टात वेळेत पोचलं. भिवापूरच्या तिघांनाही आपापला अंक मिळाला असणार.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. बडेबाबूही फाइल घेऊन तिथं उभे होते.

"अंक गेला, चांगलं झालं," साहेब म्हणाले. "पण शुक्रवारपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. इंजिनिअर मला सांगून गेला की तुम्ही मशीन पुसून दोन दिवस गोंधळ घातला. ते दोन दिवस कशात गेले?"

"ड्राइव्ह वाचत नव्हतं, साहेब."

"का वाचत नव्हतं?"

उत्तर चार दाण्यांचं होतं आणि ते माझ्या खणात कागदाच्या पुडीत होतं. ते न सांगण्यामागे दयामाया होती असं कोणी समजू नये. मला बडेबाबूंचा राग होता आणि मला नोकरी हवी होती. पण ते उत्तर माझ्या तोंडून निघालं असतं, तर ती तांदळाची गोष्ट राहिली नसती. ती पूजेची झाली असती. आमच्या पूजेत हिला खोट दिसते, हे लोक असंच बोलतात, असं ऑफिसभर झालं असतं. कोणी तोंडावर म्हटलं नसतं, आणि तेच जास्त बोचलं असतं. मी छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली मुलगी. कोणती खरी गोष्ट कोणाच्या तोंडून निघाली म्हणजे खोटी ठरते, हे मला शाळेपासून पाठ होतं. ती गोष्ट फक्त एकच माणूस सांगू शकत होता आणि तो फाइलकडे पाहत उभा होता.

"आता वाचतं," मी म्हटलं.

साहेबांनी हातातलं पेपरवेट ठेवलं. "ठीक आहे. आणखी सहा महिने तात्पुरतं ठेवू. मग बघू."

मी बाहेर आले. डोळ्यांत पाणी आलं नाही, इतकी चिडले होते. टेबलाशी बसून समोरचा एक शब्द मला दिसत नव्हता.

चारच्या सुमाराला बडेबाबू आले. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला एक कागद त्यांनी माझ्या टाइपरायटरजवळ ठेवला; ऑफिसच्या दप्तरी मी टंकलेखिकाच होते.

"तीन प्रती काढा, बाई."

ऑफिसची टिपणी होती. ‘संगणक बंद राहण्याचे कारणाबाबत’ असा विषय. खाली लिहिलं होतं: ‘यंत्राचे पूजनाचे वेळी अक्षता यंत्राचे आत गेल्या. सदर पूजन खाली सही करणार याने स्वतः केले होते. त्यामुळे बुधवार व गुरुवार असे दोन दिवस काम खोळंबले. दाणे बाहेर निघाले तेव्हा खाली सही करणार समक्ष हजर होता. परंतु आज सकाळी माननीय संपादकांनी विचारणा केली असता त्याने सांगितले नाही. दोष टंकलेखिकेचा नाही. दोष तिनेच शोधून दूर केला. सबब तिला कायम करावे, अशी शिफारस आहे.’

मी दोनदा वाचलं. बडेबाबू टेबलाशी उभेच होते. ‘सांगितले नाही’ ही ओळ मी गाळू शकले असते. तिच्यावाचून टिपणीचं काही अडत नव्हतं आणि माझ्या मनाचा मोठेपणा झाला असता. ते गाळा म्हणतील म्हणून मी क्षणभर थांबले. त्यांनी कार्बनचे कागद माझ्यापुढे सरकवले. मी दोन कार्बन घातले आणि कागदावर होतं ते, होतं तसं, अक्षर न बदलता टाइप केलं.

मला कायम केल्याचा आदेश पुढच्या आठवड्यात निघाला. पण त्या संध्याकाळी बडेबाबूंनी तिन्ही प्रतींवर सही केली, एक साहेबांसाठी वेगळी काढली, दुसरी फाइलला लावली आणि तिसरी घडी घालून माझ्या हातात दिली.

"हे तुमच्यापाशी राहू द्या, बाई," ते म्हणाले. "दोन वर्षांनी मी नसन. तुम्हाले कोणी काई म्हटलं, तं दाखवजा."